कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (जन्म : सुमारे इ.स. १६६९; मृत्यू : ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख सेनापती होते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे तीस वर्षे त्यांनी मुंबईच्या दक्षिणेकडील कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचा अंमल टिकवून धरला. आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे होते. मुंबईकर इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचे सिद्दी या सर्वांशी त्यांचे संघर्ष झाले. तथापि त्यांच्या हयातीत कुलाबा, खांदेरी व विजयदुर्ग यांपैकी एकही किल्ला युरोपीय सत्तांना घेता आला नाही. त्यांच्या पराक्रमाचे वर्णन अनेक ग्रंथांत आढळते. हा पराक्रम ज्या जहाजांच्या, तोफांच्या आणि बंदुकांच्या आधारे घडला, ती सामग्री खाऱ्या हवेत कामाची कशी राहत असे, हाही त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा भाग आहे.

घराणे व पूर्वायुष्य

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ असे सांगितले जाते. पुणे परिसरातील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले, अशी परंपरा आहे. कान्होजींचे वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारी सेवेत होते व सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. कान्होजींचे बालपण हर्णैच्या समुद्रातील याच किल्ल्याच्या परिसरात गेले. त्यामुळे भरती-ओहोटीचे वेळापत्रक, वाऱ्यांची दिशा, खडकांच्या जागा आणि किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, खारवी व गाबित समाजांचे दर्यावर्दी कसब यांची ओळख त्यांना लहानपणीच झाली.

छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस मोगल व सिद्दी यांचा कोकणावर मोठा दाब आला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार किल्ला शत्रूच्या हवाली करण्याच्या बेतात असता कान्होजींनी त्यास कैद करून किल्ला लढविला, असे आंग्रे घराण्याच्या इतिहासात सांगितले जाते. या कामगिरीमुळे तरुण वयातच त्यांचे नाव झाले.

सरखेलपद

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात मराठी सत्तेचे केंद्र दीर्घकाळ जिंजीस होते. कोकणातील किल्ल्यांना दूरच्या राजधानीकडून पैसा वा माणसे मिळणे कठीण झाले होते. अशा काळात किनारा सांभाळणाऱ्या सिधोजी गुजर यांच्या पश्चात १६९८ मध्ये कान्होजींकडे आरमाराची सूत्रे आली व त्यांना सरखेल हा किताब मिळाला. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर (१७००) ते महाराणी ताराबाईंच्या पक्षात राहिले.

या नेमणुकीबरोबर त्यांच्या हाती आलेली सामग्री मर्यादित होती. मोठी लढाऊ जहाजे थोडी होती, तोफा निरनिराळ्या मापांच्या होत्या आणि दुरुस्तीसाठी स्थानिक सुतार, लोहार व खलाशी यांवरच भिस्त होती. कान्होजींनी आपले आरमार या मर्यादा ओळखून उभारले.

कुलाबा किल्ला

कान्होजींनी आपले ठाणे कुलाबा येथे केले. अलिबागच्या किनाऱ्यासमोरील खडकावर या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केले व ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. किल्ल्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे २६७ मीटर व पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे १०९ मीटर असून त्यास १७ बुरूज आहेत. तोफखानी आणि दारूखानी ही बुरुजांची नावे तेथील युद्धसामग्रीची आठवण देतात. ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. भरतीस तो चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. उत्तरेस लागूनच सर्जेकोट हा छोटा किल्ला आहे.

किल्ल्याच्या तटात मोठमोठे चिरे एकमेकांवर रचलेले असून त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट तटावर आदळली की पाणी फटींत शिरते, तिचा जोर विभागला जातो व ओसरताना पाणी त्याच वाटेने बाहेर पडते. एखादा चिरा निखळल्यास तो पुन्हा बसविणे सोपे जाते. गोड्या पाण्याची पुष्करणी किल्ल्यातच असल्याने दीर्घ वेढ्यातही पाण्याचा तुटवडा पडत नसे. अलिबागच्या किनाऱ्यावरील हिराकोट हा किल्ला कान्होजींनी १७२० मध्ये बांधला. अलिबागची वस्तीही आंग्रे यांच्या काळात वाढीस लागली.

जहाजे व लढण्याची रीत

आंग्रे यांच्या आरमारात मुख्यतः गुराब आणि गलबत अशा दोन प्रकारची जहाजे होती. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी त्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. गुराब हे रुंद बांध्याचे व उथळ तळाचे जहाज असे. दोन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांचे सुमारे ३०० टनांपर्यंतचे असे. त्याची नाळ पुढे लांबट निघालेली असून तिच्या मागील आडभिंतीतून दोन मोठ्या तोफा समोर रोखलेल्या असत. या तोफा नऊ किंवा बारा पौंडी असत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत.

गलबत हे त्याहून लहान, क्वचितच ७० टनांपर्यंत जाणारे, वल्ही व शीड या दोहोंवर चालणारे जहाज होते. चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर ते वारा नसतानाही ताशी सुमारे चार मैल जाऊ शके. हलक्या गलबतांवर बांबूच्या कामट्यांचा तळवा घालून केवळ जंबुरे, म्हणजे खुंटीवर फिरविता येणाऱ्या छोट्या तोफा ठेवीत. थोराड गलबतांवर पक्का तळवा व दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत.

लढाईची पद्धत या रचनेशी जुळणारी होती. आठ-दहा गुराबे आणि चाळीस-पन्नास गलबते एकदम निघत. वारा पडला असता गलबते गुराबांना दोर लावून ओढीत नेत. युरोपीय जहाजाच्या बाजूस तोफांच्या रांगा असत, म्हणून त्या बाजूने न जाता मागून वा तिरकस दिशेने जवळ जावयाचे, प्रथम शिडे व डोलकाठ्या मोडावयाच्या आणि जहाज पांगळे झाले की गलबतांतील माणसे चहूकडून वर चढवावयाची, असा क्रम असे. शेवटचा निकाल तलवारीने लागे. जवळून अचूक मारा करावयाचा असल्याने प्रचंड तोफांची गरज या पद्धतीत कमी होती.

शस्त्रास्त्रे व त्यांची निगा

समुद्रावरील शस्त्रास शत्रूइतकीच खारी हवाही घातक असते. लोखंडी तोफ स्वस्त व कणखर असली, तरी खाऱ्या दमट हवेत तिच्यावर गंज चढतो, पापुद्रे सुटतात आणि नळीची आतील बाजू खडबडीत होते. पंचरशी वा काशाची तोफ गंजत नाही, मात्र ती महाग असते व सतत मारा केल्यास तापून मऊ पडते. दोन्ही प्रकारांत सर्वांत आधी झिजतो तो तोफेचा कान, म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र. प्रत्येक बाराबरोबर तापलेला वायू या छिद्रातून जोराने बाहेर पडतो व ते रुंदावत जाते. कान मोठा झाला की दारूचा जोर वाया जातो आणि गोलंदाजासही धोका पोहोचतो.

हीच गोष्ट हातातील बंदुकीची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात तोड्याची बंदूक सर्वत्र प्रचारात होती. तिच्यात चाप दाबला की जळता तोडा धरणारा घोडा खाली येऊन रंजकदानीस टेकतो व बार उडतो. या यंत्रणेत चाप, घोडा, त्यांना जोडणारी दांडी व एक-दोन खिळे एवढेच भाग असतात. खिळा झिजून सैल झाला तर घोडा रंजकदानीच्या बाजूला पडतो व बार फुकट जातो. परंतु नवा खिळा ठोकणे कोणत्याही गावच्या लोहारास जमण्यासारखे होते.

युरोपीय सैनिकांकडील गारेची बंदूक अधिक जलद चाले आणि तीत पेटता तोडा जवळ बाळगावा लागत नसे. तिचा चाप मात्र नाजूक होता. घोडा मागे ओढल्यावर त्यास अडवून धरणारा एक छोटा पोलादी दात चापास जोडलेला असतो. घोड्याच्या चक्राला असलेल्या खाचेत हा दात अडकतो आणि चाप दाबल्यावर सुटतो. हा दात किंवा खाचेची कड झिजली, तर चाप न दाबताही घोडा सुटून बार उडू शकतो. याशिवाय तिच्या कमानी योग्य पाणी दिलेल्या पोलादाच्या असाव्या लागतात व ठरावीक बारांनंतर गार बदलावी लागते. दारूची राख हवेतील ओल शोषून घेत असल्याने समुद्रावर हे भाग जमिनीवरच्यापेक्षा लवकर गंजतात. पुढे विसाव्या शतकात वायूच्या दाबावर चालणाऱ्या लष्करी रायफली आल्या. त्यांतही चाप व घोडा यांच्यामधील अशा छोट्या दाताची झीज शस्त्राच्या भरवशावर परिणाम करू शकते.

तोड्याची बंदूक पावसात निरुपयोगी ठरे, तिला बार भरण्यास वेळ लागे आणि पेटता तोडा दारूजवळ बाळगणे जहाजावर धोक्याचे होते. हे तोटे खरे असले, तरी कुलाब्यासारख्या ठिकाणी तुटलेला भाग त्याच दिवशी दुरुस्त होऊ शके, ही तिची जमेची बाजू होती. युरोपीय जहाजांवरील मोडक्या सामानाचा सुटा भाग मायदेशाहून यावयाचा तर कित्येक महिने लागत.

कोकणचे ऋतुमानही आरमाराच्या उपयोगी पडे. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र खवळलेला असल्याने लहान जहाजांची वाहतूक बंद राही. या काळात गलबते खाडीत वा किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवण्याची व त्यांची डागडुजी करण्याची रीत किनाऱ्यावर आजही आहे. उथळ तळाची जहाजे वाळूवर ओढणे सोपे असल्याने त्यांच्या तळाचे शेवाळ व लाकूड पोखरणारे किडे काढून तेल-राळेचा लेप देता येत असे.

दस्तक व सागरी सत्ता

आपल्या हद्दीतील समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी कर भरून आंग्रे यांचे दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा कान्होजींचा आग्रह होता. असे परवाने देण्याची पद्धत पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून चालविली होती. इंग्रजही आपल्या व्यापाऱ्यांना परवाने देत. कान्होजींनी तोच अधिकार किनाऱ्याच्या सत्ताधीशाच्या नात्याने सांगितला. इंग्रज कंपनीने तो मान्य केला नाही व विनापरवाना पकडलेली जहाजे ही चाचेगिरी ठरविली. इंग्रजी बखरकारांनी त्यांना दिलेले चाचा हे विशेषण या वादातून आलेले आहे. छत्रपतींनी नेमलेला, किल्ल्यांचा कारभार पाहणारा व तहनामे करणारा अधिकारी या व्याख्येत बसत नाही, असे मराठी इतिहासकारांचे मत आहे.

४ नोव्हेंबर १७१२ रोजी मुंबईचे गव्हर्नर विल्यम एसलबी यांची सशस्त्र नौका आंग्रे यांच्या आरमाराने पकडली. या चकमकीत कारवार वखारीचा प्रमुख मारला गेला व त्याची पत्नी कैद झाली. १७१३ च्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये दंड घेऊन तिची सुटका करण्यात आली.

शाहू महाराजांशी समेट

छत्रपती शाहू महाराज व ताराबाई यांच्यातील वारसायुद्धात कान्होजी प्रथम ताराबाईंच्या बाजूस होते. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले. कान्होजींनी घाटमाथ्यावर चढाई करून लोहगड घेतला व पेशव्यांनाच कैद केले. त्यानंतर पेशवेपदावर आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी युद्धाऐवजी बोलण्याचा मार्ग धरला. १७१४ च्या सुमारास झालेल्या समेटानुसार कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले. त्यांचे सरखेलपद कायम राहिले व किनाऱ्यावरील दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे ठेवण्यात आली. किनाऱ्यावर वेढा पडला असता घाटावरून फौज उतरू शकेल, अशी तजवीज या समेटाने झाली. तिचा उपयोग पुढे सात वर्षांनी दिसून आला.

इंग्रजांच्या मोहिमा (१७१७–१७२१)

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनी मुंबईचा तट बांधून घेतला, लढाऊ जहाजांची संख्या वाढविली व आंग्रे यांच्या किल्ल्यांवर लागोपाठ मोहिमा काढल्या. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर झालेले हल्ले निष्फळ ठरले.

१७२० मध्ये विजयदुर्गावरील दुसऱ्या मोहिमेसाठी इंग्रजांनी फ्राम नावाचा सपाट तळाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून घेतला. उथळ पाण्यातून तटाजवळ जाऊन जड तोफांचा मारा करावा, अशी त्यामागील कल्पना होती. परंतु त्याच्या तोफांच्या खिडक्या खालच्या बाजूस ठेवल्या गेल्या होत्या. तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येत नसल्याने त्यांचा अपेक्षित परिणाम झाला नाही. ही मोहीमही इंग्रजांना सोडून द्यावी लागली.

१७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावरच चाल केली. इंग्लंडच्या शाही नौदलाची चार जहाजे घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज मुंबईस आले होते. पोर्तुगीजांच्या बाजूने गोव्याचे व्हाइसरॉय स्वतः हजर होते. दोघांच्या फौजा जवळच्या चौल भागात जमल्या. आंग्रे यांनी शाहू महाराजांकडे मदत मागितली व पिलाजी जाधव आणि थोरले बाजीराव पेशवे घोडदळासह कोकणात उतरले. डिसेंबरात शिड्या लावून केलेला इंग्रजांचा हल्ला किल्ल्यातील शिबंदीने परतविला. मराठी घोडदळाने जमिनीच्या बाजूने पोर्तुगीज तुकड्यांवर चाल करताच त्यांची फळी मोडली. इंग्रजांना तोफा व दारूगोळा टाकून माघार घ्यावी लागली. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी इंग्रजांना वगळून मराठ्यांशी तह केला. या मोहिमांत भाग घेतलेल्या क्लेमंट डाउनिंग यांचा वृत्तांत १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

१७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी विजयदुर्गावर केलेला हल्लाही फसला.

मृत्यू व वारस

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबाग येथे त्यांची समाधी आहे. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी व धोंडजी हे त्यांचे पुत्र होत. सेखोजी सरखेल झाले, परंतु १७३३ मध्ये त्यांचेही निधन झाले. त्यानंतर भाऊबंदकी उफाळून घराण्याचे दोन भाग पडले. मानाजी कुलाब्यास, तर संभाजी व त्यांच्यामागून तुळाजी दक्षिणेकडील किल्ल्यांवर राहिले. एका हाताखाली असलेली जहाजे, गोद्या आणि दारूखाने यांचीही विभागणी झाली.

तुळाजी व पेशवे यांच्यातील वैर वाढत गेले. अखेरीस पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. बंदरात दाटीने नांगरलेल्या जहाजांपैकी एकावर तोफगोळा पडून आग लागली व ती पसरत जाऊन सारा ताफा जळाला. दोन पिढ्यांनी जपलेले आरमार अशा रीतीने काही तासांत नष्ट झाले. १७२१ मध्ये ज्या घाटावरील फौजेने कुलाबा वाचविला होता, तीच या वेळी शत्रूच्या बाजूस होती. कुलाब्याची शाखा मात्र १८४० पर्यंत टिकली. त्या वर्षी वारसाअभावी इंग्रजांनी संस्थान खालसा केले.

मूल्यमापन

कान्होजींच्या यशाची कारणे सांगताना धाडस, किनाऱ्याचे ज्ञान व समुद्री किल्ले यांचा उल्लेख केला जातो. त्यांत साधेपणाची जोडही धरावी लागते. त्यांची जहाजे युरोपीय जहाजांहून लहान, तोफा हलक्या आणि बंदुका जुन्या धाटणीच्या होत्या. तथापि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक वस्तू स्थानिक कारागिरांना दुरुस्त करता येण्यासारखी होती. युरोपीय जहाजांना तोफांच्या बळावर उघड्या समुद्रात गाठणे कठीण होते, ही या आरमाराची मर्यादा होय. खोल समुद्रात टिकणारी मोठी जहाजे व एकाच मापाच्या तोफांचा कारखाना उभा राहिला नाही, ही उणीव पुढील पिढीस भोवली.

स्मृती

भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळास १९५१ मध्ये आय.एन.एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटावरील दीपगृह कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. १९९९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या आरमाराचे स्मरण म्हणून तिकीट काढले. कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन लोखंडी तोफा पर्यटकांचे लक्ष वेधून घेतात. त्यांना अनेकदा आंग्रेकालीन समजले जाते. त्या इंग्लंडमधील यॉर्कशर प्रांतातील लो मूर येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकात ओतलेल्या असून कान्होजींच्या काळाशी त्यांचा संबंध नाही. किल्ल्याचा चुन्याविना रचलेला तट मात्र आजही भरतीच्या लाटा झेलीत उभा आहे.